आपण इंजिनिअर की ज्योतिषी?

शीर्षक चिडवण्यासाठीच दिलं आहे. राग आला असेल तर उत्तम, पण खालचं वाचून मग भांडा. ज्योतिषांना राग आला असेल तर मात्र त्यांची आधीच माफी मागतो. त्यांची निदान एकदा रीतसर परीक्षा तरी झाली आहे. आपली आयटीवाल्यांची तीही झालेली नाही.

माझा आरोप असा आहे. आपण दिवसभर दुसऱ्यांचं काम मोजणारी सॉफ्टवेअर्स लिहितो. गोदामात एका माणसाने तासाला किती खोकी उचलली, बँकेच्या काउंटरवर एका गिऱ्हाइकाला किती मिनिटं लागली, ट्रक गेटवर किती वेळ उभा राहिला, सगळ्याचे डॅशबोर्ड आपण बनवतो. आणि आपल्या स्वतःच्या कामाबद्दल कोणी काहीही ठोकून दिलं की मान डोलावतो. पेअर प्रोग्रामिंगने बग कमी होतात. मायक्रोसर्व्हिसेसमुळे रिलीज लवकर होते. ऑफिसात आल्याने कोलॅबरेशन वाढतं. एआयने ३० टक्के वेळ वाचतो. यातलं एखादं वाक्य खरंही असेल. पण "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारून बघा. उत्तरं तीनच येतात: "इंडस्ट्रीत सगळे करतात", "गूगलमध्ये करतात" आणि "माझ्या आधीच्या प्रोजेक्टमध्ये केलं होतं". आमच्या आजीचा वाताचा काढाही याच तीन पुराव्यांवर चालायचा. फक्त गूगलच्या जागी सांगलीचे वैद्य होते. :-)

आता शेवटचा आकडा घ्या, ३० टक्के. तो कुठून येतो हे मी जवळून पाहिलंय. एका कंपनीत (नाव घेत नाही, तिथेच पगार घेतो) एआय असिस्टंटची लायसन्स वाटली गेली. तीन महिन्यांनी एक फॉर्म आला: "या टूलमुळे तुमचा किती वेळ वाचला?" पर्याय होते १० टक्क्यांपर्यंत, १० ते ३०, ३० ते ५०, ५० च्या वर. "काहीच वाचला नाही" हा पर्याय नाही. "उलट वाढला" हा तर नाहीच. फॉर्मवर एम्प्लॉयी आयडी टाकणं बंधनकारक. महिना अप्रेजलचा. अशा महिन्यात "मला नवीन टूलचा उपयोग झाला नाही" असं स्वतःच्या आयडीसकट लिहून देणारा माणूस एकतर संत असतो किंवा त्याने राजीनामा दिलेला असतो. सगळ्यांनी मधला पर्याय निवडला, त्याची सरासरी काढली गेली आणि टाउनहॉलला मोठ्या अक्षरात ३० टक्के झळकलं. "एम्पिरिकल डेटा" हे शब्द मी त्या दिवशी स्टेजवरून ऐकले.

गोष्ट इथे संपली असती तर हसून सोडून दिली असती. पुढच्या क्वार्टरला आमच्या अकराच्या टीमचे आठ झाले. हिशोब सरळ होता, ३० टक्के वाचले ना? उरलेल्या आठांच्या एस्टिमेट्समधूनही ३० टक्के कापले गेले, म्हणजे एकाच आकड्याने दोनदा कापणी. जे तिघं बेंचवर गेले त्यातल्या एकाने त्याच वर्षी काल्हेरला फ्लॅट घेतला होता. म्हणून मी म्हणतो की संशोधनाची पद्धत हा पीएचडीवाल्यांचा विषय नाही. ईएमआयवाल्यांचा आहे.

"पण माणसांना स्वतःला तर कळतं ना, वेळ वाचला की नाही ते?" नाही कळत. याचा अगदी स्वच्छ पुरावा २०२५ च्या जुलैमध्ये आला. मीटर नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेने ओपन सोर्सवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रामर घेतले. त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं माहीत असलेल्या प्रोजेक्टमधली २४६ कामं घेतली. प्रत्येक कामासाठी जणू चिठ्ठी टाकली: यात एआय वापरायचं, यात नाही. आधी विचारलं, किती फरक पडेल? प्रोग्रामर म्हणाले, वेळ २४ टक्के कमी लागेल. सगळं झाल्यावर पुन्हा विचारलं. म्हणाले, २० टक्के कमी लागला. प्रत्यक्षात मोजलेला वेळ १९ टक्के जास्त होता!

हे वाचून "एआय भंकस आहे" असं ओरडत सुटणारेही तितकेच चुकतात, बरं का. १६ माणसं, २०२५ च्या सुरुवातीची टूल्स, प्रचंड मोठे आणि ओळखीचे कोडबेस. संशोधकांनी स्वतःच सांगितलंय की हे सगळ्यांना लागू करू नका. याच्या बरोबर उलट निकालही आहे. मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबच्या लोकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ९५ प्रोग्रामर होते आणि त्यातही चिठ्ठ्या टाकूनच गट पाडले होते. काम एकच: जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहा. ज्यांच्याकडे कोपायलट होतं त्यांनी ते ५५.८ टक्के लवकर संपवलं. कोऱ्या पानावर ठरावीक साच्याचा सर्व्हर लिहिणं वेगळं आणि दहा वर्षं जुन्या कोडमध्ये एका ओळीचा बदल कुठे करायचा हे शोधणं वेगळं. मला या दोन्ही निकालांत भांडण दिसत नाही. तुमचं काम यातल्या कशासारखं आहे, हा खरा प्रश्न. आमच्या टीमचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं आणि स्लाइडवर मात्र पहिल्या प्रकारातली ऐट होती.

मीटरच्या प्रयोगातला १९ चा आकडा विसरा, हवं तर. लक्षात ठेवण्यासारखं आहे ते "२० टक्के वाचला असं वाटलं" हे. वाटणं आणि असणं यांत इतकं अंतर, तेही त्या कामात मुरलेल्या माणसांचं. मग आपल्या फॉर्मची किंमत काय?

तर आता ज्योतिषांकडे वळू. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. अत्यंत साधी. २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यातली १०० शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, १०० बौद्धिकदृष्ट्या अक्षम. पत्रिका मांडल्या, त्यांना क्रमांक दिले आणि कुठली पत्रिका कुठल्या गटातली हे गुपित ठेवलं. पत्रिका वाटणाऱ्यालाही ते माहीत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. ज्योतिषांना आवाहन केलं. प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवल्या आणि फक्त इतकंच विचारलं, हा मुलगा हुशार गटातला की दुसऱ्या? २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत चांगल्या ज्योतिषाची ४० पैकी २४ बरोबर आली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

या चाचणीतली माझी आवडती गोष्ट निकाल नाही, आखणी आहे. कोणाच्या श्रद्धेची टिंगल नाही. "ज्योतिष खरं की खोटं" असा धुरकट प्रश्नही नाही. एक दावा घेतला, तो मोजता येईल इतका बारीक केला आणि नाणेफेकीशी त्याची तुलना केली. "बरोबर" म्हणजे काय हे उत्तरं यायच्या आधीच ठरलेलं होतं. खर्च म्हणाल तर पोस्टाचा आणि स्वयंसेवकांच्या पायपिटीचा. ही चाचणी कुठल्या सिलिकॉन व्हॅलीत झाली नाही, पुण्यात झाली. ज्या शहराच्या हिंजवडीत लाखभर इंजिनिअर रोज ट्रॅफिकमध्ये उभे असतात, त्या शहरात. आपल्यापैकी किती जणांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, "झाली बुवा अंधश्रद्धेची परीक्षा" म्हणून, आणि सोमवारी ऑफिसात येऊन स्टोरी पॉइंट्सवरून टीमची उत्पादकता काढायला बसले!

(अवांतर: स्टोरी पॉइंट म्हणजे ज्याचं माप तोच माणूस ठरवतो ज्याचं काम मोजलं जाणार आहे, आणि जे दर स्प्रिंटला वाढायला हवं असं त्याच्या मॅनेजरला वाटतं. मग ते वाढतं. असो.)

आता थोडं घराजवळचं. मी कशेळीला राहतो. ठाण्याहून बाळकुम ओलांडून खाडीवरचा पूल उतरलात की कशेळी, मग काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि पुढे भिवंडी. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला गोदामं, मधून कंटेनर आणि मेट्रोचे खांब. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात आणि आयटीतले लोक त्या खडखडाटाकडे थोड्या दयेने बघतात. जुना धंदा, जुनी यंत्रं, वहीत हिशोब, वगैरे. त्या दयाळू लोकांसाठी पुढची गोष्ट.

२००८ च्या सुमारास स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी यांच्यासह पाच अर्थतज्ज्ञांनी मुंबईजवळच्या कापड गिरण्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. गावं होती तारापूर आणि उंबरगाव. तारापूर तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. (या गिरण्या भिवंडीच्या आठ-दहा मागांच्या शेडपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर भिवंडीतला कोणीतरी माझी कॉलर धरेल, आणि बरोबरच धरेल.) प्रश्न असा होता: व्यवस्थापन सुधारलं तर उत्पादन खरंच वाढतं, की मुळात चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांनाच चांगलं व्यवस्थापन परवडतं? कोंबडी आधी की अंडं? नुसतं निरीक्षण करून याचं उत्तर कधीच मिळत नाही. म्हणून त्यांनी तेच केलं जे करायला हवं होतं. कंपन्या चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटल्या. एकूण १७ कंपन्या, त्यांतल्या ११ मध्ये सल्लागारांनी एक महिना पाहणी आणि चार महिने प्रत्यक्ष मदत केली. उरलेल्या ६ मध्ये फक्त एक महिन्याची पाहणी, म्हणजे तुलनेसाठी तिथलेही आकडे मिळावेत.

मदत कसली, तर डोळे दिपवणारी काहीच नाही. कापडातले दोष रोज लिहा, कुठल्या मागावर आले ते लिहा. सूत कुठे ठेवलंय त्याला खूण लावा. यंत्र बंद पडायच्या आधी तेल घाला. सकाळी दहा मिनिटं उभं राहून कालचे आकडे बघा. (हो, स्टँडअप. आपल्याला वाटतं तो आपण शोधला.) अशा ३८ गोष्टींची यादी होती. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, तुलनेच्या गटाच्या मानाने.

आणि आधी मालकांनी हे का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना वाटत होतं की आपली क्वालिटी ठीकच आहे, शेजाऱ्याची असते तशीच आहे. दोष मोजलेच नव्हते, मग किती आहेत हे कळणार कसं? अर्थतज्ज्ञांनी तिथेही गोष्ट सोडली नाही. आठ-नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, ते परत गेले. शिकवलेल्या गोष्टींपैकी साधारण निम्म्या सोडून दिल्या गेल्या होत्या, पण दोन गटांतला फरक टिकून होता. चांगली बातमी आणि वाईट बातमी दोन्ही छापली.

आता मला सांगा, आयटीतली कुठली मोठी पद्धत या परीक्षेतून गेली? अजाइल आलं तेव्हा निम्म्या टीम चिठ्ठी टाकून जुन्या पद्धतीवर ठेवल्या होत्या का कोणी? ऐरोलीत, पवईत, खराडीत, मगरपट्ट्यात? तारापूरच्या सुतावर जेवढी काळजीपूर्वक चाचणी झाली तेवढी आपल्या एकाही "ट्रान्सफॉर्मेशन प्रोग्रॅम"वर झालेली मी पाहिली नाही. आपल्याकडे कोचला पैसे देतात, तीन महिन्यांनी कोचलाच विचारतात की फरक पडला का.

याच ब्लूम साहेबांनी पुढे घरून काम करण्याचाही प्रयोग केला. चीनमधली ट्रिप डॉट कॉम नावाची प्रवासाची कंपनी, १,६१२ कर्मचारी, त्यात इंजिनिअरही होते. गट पाडले कसे, तर जन्मतारीख सम की विषम! एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. प्रोग्रामर्सनी लिहिलेल्या कोडच्या ओळीही मोजल्या. निकाल २०२४ मध्ये "नेचर"मध्ये आला: कामात आणि बढत्यांत फरक नाही, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी. आणि मजा बघा, प्रयोगाआधी मॅनेजर लोकांचा सरासरी अंदाज होता की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर तेच म्हणू लागले की १ टक्का वाढते. मत बदलायला त्यांना आकडे पुरले. आम्हाला आठवड्यात इतके दिवस ऑफिसला या असं सांगणाऱ्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, "आवर डेटा शोज". कुठला डेटा? गेटवर कार्ड किती वेळा टेकवलं तो. त्यातून इतकंच सिद्ध होतं की लोक आले. कशेळीचा पूल सकाळी साडेआठला ओलांडून बघा, लोक आले हे सिद्ध करायला डेटा लागणार नाही.

यावर नेहमीचा बचाव असा की सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा असतो, त्यामुळे तुलना शक्य नाही. मला हे वाक्य ऐकलं की हसू येतं. माणसंही वेगवेगळी असतात, म्हणून औषधांच्या चाचण्या बंद केल्या का? उलट चिठ्ठी टाकायची ती वेगवेगळेपणामुळेच! सगळं एकसारखं असतं तर एक इकडे, एक तिकडे ठेवून काम भागलं असतं. शिवाय हाच माणूस एस्टिमेट देताना "मागचा असाच एक प्रोजेक्ट होता" म्हणून तुलना करतोच की. तुलना चालते, फक्त तपासणी चालत नाही.

दुसरा बचाव: क्लायंट आपल्या प्रोजेक्टवर प्रयोग करू देणार नाही. अहो, प्रयोग चालूच आहेत! दर सहा महिन्यांनी नवीन फ्रेमवर्क, नवीन टूल, नवीन प्रोसेस क्लायंटच्याच पैशाने लावली जाते. फक्त तुलनेचा गट नसतो आणि निकाल आधीच ठरलेला असतो.

आकडे गोळा करायला आपला विरोध नाही हे तर जुनंच आहे. सीएमएम लेव्हल पाचच्या जमान्यात मोजून मोजून कंबर मोडायची वेळ आली होती म्हणतात सीनियर लोक. २००३ साली मायकेल कुसुमानो आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १०४ प्रोजेक्टची पाहणी छापली, त्यात २४ भारतातले होते. टाटा आणि पटनीसारख्या मुंबईच्या कंपन्यांनीही माहिती दिली होती. डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या वर्षात हजार ओळींमागे सापडलेले दोष: भारत ०.२६३, अमेरिका ०.४००, जपान ०.०२०. सेल्सवाल्याच्या हातात हे दिलं तर पहिले दोन आकडे स्लाइडवर जातील आणि जपान गळेल. :-) पण लेखकांनी स्वतःच बजावलं होतं की नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला नाही, प्रोजेक्टांचे प्रकार वेगळे, यावरून देशांची गुणवत्ता ठरवू नका. पाहणीतून प्रश्न मिळतात. कारण मिळत नाही.

मला खरा राग आहे तो या सगळ्याच्या मुळावर, म्हणजे आपल्या शिक्षणावर. बीईला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा विषय सगळ्यांनी दिला. त्यात कोकोमो होतं, आठवतंय? प्रयत्न बरोबर २.४ गुणिले कोडच्या हजार ओळींचा १.०५ घात, उत्तर मनुष्य-महिन्यांत. पाच मार्कांचं हमखास गणित. ते २.४ आलं कुठून हे वर्गात कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. जणू प्रकाशाचा वेगच तो. ते आलं बॅरी बोहम यांनी १९८१ च्या पुस्तकात वापरलेल्या ६३ प्रोजेक्टवरून. बोहम यांनी प्रामाणिकपणे सगळा डेटा छापला होता, दोष त्यांचा नाही. दोष आपला, की सत्तरीच्या दशकातल्या ६३ प्रोजेक्टांचा सरासरी आकडा आपण पाठ केला. फिजिक्सला निदान प्रॅक्टिकल असायचं, लंबक हलवून जी काढायला लावायचे. आम्हाला कोणी म्हणालं नाही की तुमच्याच वर्गाच्या मिनी प्रोजेक्टांच्या ओळी मोजा, तास मोजा, बघा २.४ येतं का.

असाच दुसरा देव म्हणजे "चांगला प्रोग्रामर दहापट, वीसपट चांगला असतो". हा मात्र धोकादायक देव आहे, कारण बेल कर्व्हच्या मागे तोच उभा असतो. मूळ शोधलं तर १९६८ चा सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांचा पेपर मिळतो. त्या अभ्यासाचा विषयच वेगळा होता: टर्मिनलवर बसून डीबग करणं बरं, की कार्डांचा गठ्ठा देऊन वाट बघणं बरं? एका गटात माणसं किती, तर १२. त्यांच्यात सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू माणसाच्या डीबगिंगच्या तासांचं गुणोत्तर २८ निघालं. पण कोणी टर्मिनलवर, कोणी टर्मिनलशिवाय, कोणी उच्चस्तरीय भाषेत, कोणी मशीनच्या जवळच्या भाषेत. पोहणाऱ्याची आणि होडीवाल्याची वेळ लावून "माणसामाणसांत किती फरक असतो पाहा" म्हणण्यासारखं आहे हे. पुढच्या काळात लोकांनी ही गफलत दाखवून दिली, पण २८ चा आकडा केव्हाच पेपर सोडून गावभर फिरायला गेला होता. माणसामाणसांत फरक नसतो असं मी म्हणत नाही. असतो, भरपूर असतो. पण तो किती, कशात आणि कुठल्या कामात, हे न मोजता दर मार्चमध्ये दहापैकी एकाला खालच्या खणात टाकायला या आकड्याचा आधार घेऊ नका.

प्राध्यापक मंडळींनाही सोडता येत नाही. आपल्याकडे संशोधन होतच नाही असं नाही. पुण्यात टीआरडीडीसी १९८१ पासून आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची भारतातली परिषद २००९ मध्ये पुण्यातच भरली होती. पण जगभरच या विषयातल्या कितीतरी प्रयोगांत प्रोग्रामर म्हणजे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि प्रोग्रॅम म्हणजे दोनशे ओळींचं खेळणं. नाहीतर मग गिटहब खरवडून काढलेला ढीगभर डेटा. २०१४ मध्ये ७२९ प्रोजेक्ट आणि १७ भाषा घेऊन एका पेपरने कुठल्या भाषेत बग जास्त ते सांगितलं. लोकांनी आपापल्या भाषेसाठी तलवारी उपसल्या. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा पुन्हा तपासला, तर ११ भाषांबद्दलच्या निष्कर्षांपैकी फक्त चार टिकले, आणि तेही नगण्य परिणामाचे. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही, कारण तपासलं तरी गेलं. आपल्या कंपनीतल्या स्लाइडचं पुनर्परीक्षण कोण करतं?

आणि प्रत्येक गोष्ट चिठ्ठीने सुटत नाही, हेही मान्य. "लोक कोड रिव्ह्यूमध्ये गप्प का बसतात?" याला प्रयोग नको, शेजारी बसून ऐकायला हवं. कॅरल उपाध्या आणि ए. आर. वासवी या दोघी समाजशास्त्रज्ञांनी बंगलोरच्या आयटी कंपन्यांमधल्या लोकांशी दीर्घ मुलाखती करून २००६ मध्ये अहवाल दिला. आमच्या अप्रेजलबद्दल, वेळेबद्दल, टीमवर्कच्या ट्रेनिंगबद्दल त्यांना जे दिसलं ते आमच्या एचआरला वीस वर्षांत दिसलेलं नाही. फॉर्म पाठवून ते दिसतही नाही. प्रश्न कुठला त्यावर पद्धत ठरते. आपल्याकडे उलटं आहे: पद्धत एकच, फॉर्म. मग प्रश्न कुठलाही असो.

"मग तू काय करणार, स्टॅनफर्डवाल्यांना बोलावणार?" असं एका मित्राने विचारलं. गरज नाही. आमच्या टीमच्या बोर्डवर महिन्याला साठेक तिकिटं येतात. तिकीट उघडताना एस्टिमेट आधी लिहायचं, मग त्याच्या क्रमांकाचा शेवटचा अंक बघायचा नाही (लोक तो पाहून तिकिटं पाडतात, माणसाचा स्वभाव), तर एक्सेलला रँडम आकडा विचारायचा. सम आला तर एआय वापरायचं, विषम आला तर नाही. प्रत्यक्ष लागलेले तास लिहायचे. रिव्ह्यूमध्ये किती वेळा परत आलं ते लिहायचं. आणि पुढच्या ९० दिवसांत त्या तिकिटामुळे किती बग आले हे लिहायचं, कारण लवकर संपलेलं काम आणि संपलेलं काम यांत फरक असतो. तीन महिन्यांत १८० तिकिटं होतात. मीटरच्या २४६ पेक्षा फार कमी नाहीत. काय बघून "फायदा झाला" म्हणायचं ते पहिल्या दिवशीच सगळ्यांना मेल करून ठेवायचं, म्हणजे नंतर सोयीचा आकडा शोधता येणार नाही. कोणाच्या नावावर काही जात नाही, अप्रेजलला हे वापरायचं नाही, हेही त्याच मेलमध्ये.

मी हे मॅनेजरला दाखवलं. माणूस चांगला आहे, शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाला, "अरे, पण आकडा ३० पेक्षा कमी आला तर? वर तर ३० गेलेत."

म्हणून सध्या हे टीममधल्या चौघांपुरतं चाललंय, आमचं आम्हीच. शीट तयार आहे, एका तिकिटाला लिहायला दोन मिनिटं लागतात. कोणाला आपल्या टीममध्ये करून बघायचं असेल तर मागा, पाठवतो.